लोणारच्या गाळातील पर्जन्येतिहास

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या पर्जन्यमोजणीच्या नोंदी तुरळक आहेत. त्याही मागील सहस्रकांतील मोसमी पावसाचा वेध घ्यावयाचा, तर निसर्गाने स्वतःच जपलेल्या पुराव्यांकडे वळावे लागते. सरोवरांच्या तळाशी साचलेला गाळ हा असाच एक पुरावा होय.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. उल्काघाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाणी वाहून जाण्यास वाट नाही. पाऊस व झऱ्यांद्वारे आलेले पाणी मुख्यतः बाष्पीभवनानेच घटते. पावसाळे सलग उणे गेले की पाणी आटते, क्षारता वाढते आणि गाळात गेलुसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक तयार होतात. म्हणून ज्या थरात हे स्फटिक विपुल, तो थर अवर्षणाचा, असे अनुमान करता येते.

थरांचे वय कार्बन-१४ पद्धतीने ठरवितात. येथे एक अडचण संभवते. पाणवनस्पती पाण्यात विरघळलेला जुना कार्बन शोषतात व त्यामुळे प्रत्यक्षाहून अधिक प्राचीन भासतात. यास्तव शक्य तेथे काठावरून वाहून आलेले पान वा लाकडाचा तुकडा निवडणे श्रेयस्कर ठरते.

भारतीय व जर्मन संशोधकांनी सुमारे १० मीटर लांबीच्या गाळस्तंभाच्या अभ्यासातून गेल्या ११,००० वर्षांचा आलेख २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड आढळतात : पहिला सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. शतकानुशतके टिकलेल्या अशा कोरडेपणाचा मागमूस पर्जन्यमापकांच्या नोंदींत मिळणे शक्यच नाही; आपल्या धरणांचे आराखडे मात्र त्याच नोंदींच्या आधारे आखले जातात.

तथापि अवर्षण म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास, हे समीकरण घाईचे वाटते. पहिला कालखंड हडप्पा संस्कृतीच्या ऐन भराच्या काळाशी बव्हंशी जुळतो; अर्थात लोणार तेथून दूर आहे. दुसऱ्या कालखंडात तर याच दख्खनमध्ये वाकाटककाळी अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरली गेली आणि विवरापासून हाकेच्या अंतरावर, लोणार गावात, दैत्यसूदनाचे मंदिर उभे राहिले.