उंबरठ्यावरची नोंद आणि मतदारसंघाची घडण

मतदारसंघ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उमेदवार, झेंडे, सभा आणि निकालाचा गुलाल येतो. परंतु या सर्वांच्या कितीतरी आधी मतदारसंघ घडलेला असतो. तो घडतो जनगणनेच्या तक्त्यांतून, आणि ते तक्ते भरले जातात आपल्या घराच्या उंबरठ्यावर, प्रगणकाने विचारलेल्या व आपण दिलेल्या उत्तरांतून. एखाद्या भागात किती माणसे राहतात, ती कशा घरांत राहतात आणि त्यांत अनुसूचित जातींची किती आहेत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर प्रतिनिधित्वाचा व विकासनिधीचा मोठा हिशेब उभा असतो. तो हिशेब कसा मांडला जातो आणि त्यात आपल्या समाजाचे काय झाले, हे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरणासाठी उत्तर नागपूर हा मतदारसंघ घेऊ.

उत्तर नागपूर हा विधानसभेचा ५७ क्रमांकाचा, अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला मतदारसंघ. इंदोरा, बेझनबाग, जरीपटका ही त्यातील सर्वपरिचित नावे. इंदोऱ्याची ओळख आंबेडकरी चळवळीचे केंद्र म्हणून आहे, तर जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे वाढला. राखीव मतदारसंघ म्हणजे एकाच समाजाची वस्ती नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते. उमेदवार अनुसूचित जातीचा असावा लागतो. मतदान मात्र सर्वच नागरिक करतात. मग हाच मतदारसंघ राखीव का, शेजारचा का नाही? याचे उत्तर कोणा पुढाऱ्याच्या मर्जीत नाही, तर आकड्यांत आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ३३२ नुसार राज्याच्या एकूण लोकसंख्येत अनुसूचित जातींचे जे प्रमाण, साधारण तेच प्रमाण विधानसभेतील राखीव जागांचे असावे लागते. सध्याची मतदारसंघरचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार होती आणि अनुसूचित जातींचे प्रमाण १०.२ टक्के होते. विधानसभेच्या २८८ जागांचे १०.२ टक्के म्हणजे २९ जागा, आणि तेवढ्याच जागा आज राखीव आहेत. त्या कोठे असाव्यात, हे परिसीमन कायद्याने सांगितले आहे. ज्या भागांत अनुसूचित जातींचे प्रमाण तुलनेने अधिक, तेथे त्या शक्यतो असाव्यात; मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत त्या विभागलेल्या असाव्यात. नागपूर जिल्ह्यातील बारा मतदारसंघांपैकी उत्तर नागपूर व उमरेड हे दोन या नियमाने राखीव ठरले.

महानगरपालिकेचा हिशेबही असाच आहे. नागपूर महानगरपालिकेच्या प्रभागरचनेत २०११ च्या जनगणनेची सुमारे २४ लाख ४७ हजार लोकसंख्या धरली गेली. त्यात अनुसूचित जातींची संख्या सुमारे ४ लाख ८१ हजार, म्हणजे शंभरात जवळजवळ वीस. एकूण नगरसेवक १५१. म्हणून अनुसूचित जातींसाठी ३० जागा. प्रभागाच्या सीमा आखताना ‘प्रगणक गट’ हा पाया मानला जातो. प्रगणक गट म्हणजे एका प्रगणकाकडे सोपवलेला, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा भाग. आपली गल्ली ज्या गटात मोडते, त्या गटाची संख्या चुकली तर ती चूक पुढे प्रभागापर्यंत जाते आणि पुढील जनगणनेपर्यंत तशीच राहते.

संख्येचे हे राजकीय मोल बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. १९३२ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या नेमकी किती, हाच वादाचा विषय झाला. संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार असे दिसू लागताच ती संख्या कमी दाखवण्याकडे अनेकांचा कल झाला. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपण सादर करून या प्रश्नाचा ऊहापोह केला. ज्यांची गणना होत नाही त्यांना वाटाही मिळत नाही, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर हाच धडा आपल्या समाजाला वेगळ्या प्रकारे गिरवावा लागला. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा झाला आणि १९६१ च्या जनगणनेत ही संख्या २७,८९,५०१ झाली. दहा वर्षांत एवढे परिवर्तन नोंदवणारे दुसरे उदाहरण आपल्या जनगणनेच्या इतिहासात क्वचितच सापडेल. परंतु या अभिमानास्पद आकड्याची दुसरी बाजूही होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीची नोंद धर्माशी जोडलेली होती. त्यामुळे ज्याने धर्म ‘बौद्ध’ लिहिला, तो अनुसूचित जातींच्या गणनेतून वगळला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९६१ साली ५.६३ टक्के आणि १९७१ साली सुमारे ६ टक्के इतकेच भरले. माणसे तीच होती, वस्त्या त्याच होत्या, अस्पृश्यतेचे चटकेही तेच होते. केवळ रकाना बदलला होता.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. राखीव मतदारसंघांची संख्या मात्र संविधानाप्रमाणे जनगणनेवरूनच ठरत असल्याने ती वाढली नाही. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या रचनेत विधानसभेच्या २८८ पैकी केवळ १८ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या, तर लोकसभेच्या ४८ पैकी ३. दीर्घ लढ्यानंतर १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. १९९१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण एकदम ११.१ टक्क्यांवर गेले. पुढे २००८ साली नवी मतदारसंघरचना अमलात आली, तेव्हा विधानसभेच्या राखीव जागा १८ वरून २९ आणि लोकसभेच्या ३ वरून ५ झाल्या. एका रकान्याचा न्याय विधिमंडळाच्या सभागृहापर्यंत पोहोचायला १९५६ पासून बावन्न वर्षे लागली.

आता २०११ चे आकडे पाहू. महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५,३१,२०० आहे. देशातील दर चार बौद्धांपैकी तीनहून अधिक बौद्ध या राज्यात आहेत. एकट्या नागपूर जिल्ह्यात त्यांची संख्या सुमारे ६ लाख ६८ हजार, म्हणजे शंभरात चौदा आहे. परंतु राज्यातील या ६५ लाखांपैकी अनुसूचित जातीत नोंद झाली ती सुमारे ५२ लाखांची. उरलेल्या १३ लाखांहून अधिक बौद्धांची नोंद अनुसूचित जातीत झालेली नाही. ते सर्वच अनुसूचित जातींपैकी असतील असे म्हणता येणार नाही. तरीही महाराष्ट्रातील बौद्ध समाजाची घडण पाहता त्यांतील मोठा भाग या प्रवर्गातील असावा, असा तर्क करता येतो. आता नुसता हिशेब करून पाहू. २०११ साली राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८१ टक्के होते. त्या प्रमाणात २८८ पैकी ३४ जागा येतात. हे १३ लाख त्यात मिळवले, तर प्रमाण १३ टक्क्यांच्या घरात जाते आणि जागा ३७ होतात. तीन आमदारांचा फरक केवळ एका रकान्यातून पडू शकतो.

हे असे का घडते? अनुसूचित जातींची अधिकृत सूची आहे आणि त्या सूचीतील जातीचे नाव सांगितले तरच अनुसूचित जातीची नोंद होते. ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ हे त्या सूचीतील जातीचे नाव नाही. ज्या जातीचे ओझे आपण दीक्षाभूमीवर उतरवले, तिचे नाव पुन्हा उच्चारताना अनेकांचे मन आक्रसते. ही वेदना खरी आहे आणि तिचा अनादर होता कामा नये. दुसरीकडे, सवलती जातील या भीतीने काही कुटुंबे आजही धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहितात. १९९० नंतर या भीतीला कायदेशीर आधार उरलेला नाही. धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती या दोन्ही नोंदी एकाच वेळी करता येतात. धर्माचा रकाना आपली श्रद्धा सांगतो. जातीचा रकाना समाजव्यवस्थेने आपल्यावर केलेल्या अन्यायाची नोंद शासनदरबारी ठेवतो. दुसरी नोंद केल्याने पहिली खोटी ठरत नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. परंतु तो परिणामांची माहिती असताना घ्यावा.

माणसांइतकीच घरांची नोंदही महत्त्वाची आहे. जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचा असतो. भिंती, छत, खोल्या, पिण्याचे पाणी, वीज, शौचालय यांची विचारणा तेव्हा होते आणि कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा आहे काय, हेही विचारले जाते. म्हणूनच २०११ साली देशातील ४६.९ टक्के कुटुंबांच्या घराच्या आवारात शौचालय होते, तर अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हेच प्रमाण ३३.८ टक्के होते, हे आज पुराव्यानिशी सांगता येते. वीज वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ६७ टक्के, तर अनुसूचित जातींत ५९ टक्के होते. विषमतेवर भाषणे पुष्कळ होतात. हा तक्ता तिचे मोजमाप देतो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. जनगणनेत ‘घर’ आणि ‘कुटुंब’ वेगळे असतात. स्वतंत्र प्रवेशद्वार असलेला भाग म्हणजे घर. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब. एकाच छताखाली दोन भावांच्या दोन चुली असतील, तर ती दोन कुटुंबे होत. लाजेपोटी वा घाईने एकच सांगितले, तर घरांची खरी टंचाई कागदावर येत नाही. २०११ साली नागपूर शहरात सुमारे ८ लाख ५९ हजार लोक झोपडपट्टीत राहत असल्याची नोंद झाली. हा शहराच्या लोकसंख्येचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीची रमाई आवास योजना असो की वस्तीसुधारणेचा निधी असो, तो किती आणि कोठे हवा, हे मागायचे तर लोकसंख्येचा व घरांचा आकडा हाती असावा लागतो.

निवासी शाळांचाही या गणनेत वाटा आहे. वसतिगृहात राहून एका भोजनगृहात जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना जनगणना ‘संस्थात्मक कुटुंब’ मानते. गणनेच्या काळात जी मुले वसतिगृहात राहत असतात, त्यांची नोंद तेथेच होते. गावाकडे पालकांनी पुन्हा त्यांचे नाव सांगितले तर दुबार नोंद होते. दोघांनीही गृहीत धरून सोडले तर मूल गणनेतूनच सुटते. शाळा व पालक यांनी याबाबत आधी बोलून ठेवणे इष्ट.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि यावेळी सर्वच जातींची नोंद होणार आहे. २०११ नंतरच्या दीर्घ खंडानंतर होणाऱ्या या गणनेचे आकडे पुढील अनेक वर्षे वापरले जातील. विधानसभा व लोकसभेच्या जागांची संख्या २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती; त्यामुळे या गणनेचे महत्त्व अधिकच आहे. प्रगणक कोणताही दाखला मागत नाही. आपण सांगू ते तो लिहितो. दिलेली वैयक्तिक माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय ठेवली जाते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, आपापल्या वस्तीत या विषयाची एक बैठक घ्यावी. वयोवृद्ध, निरक्षर आणि दिवसभर कामावर असणाऱ्या कुटुंबांना प्रश्न आधीच समजावून सांगावेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची, स्थलांतरितांची नोंद सुटणार नाही याकडे लक्ष द्यावे. प्रगणक पेन्सिलीने नव्हे तर शाईने किंवा यंत्रावर नोंद करील. ती पुसायला दहा वर्षे लागतील. तो दारात येईल तेव्हा कुटुंबातील जाणत्या व्यक्तीने शांतपणे बसून प्रत्येक प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावे आणि काय लिहिले गेले, ते वाचून घ्यावे.