कोळशाचे अभ्यंगस्नान

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण मी वर्गात नेहमी शिकवतो. उगाळण्यात अर्थ नाही, हा तिचा बोध. पण कोळसा धुणाऱ्या मंडळींनी या उगाळण्यालाच कामाला लावले आहे! त्यांची हकिकत दिवाळीत सांगण्याजोगी. कारण तीत तेल आहे, घासणे आहे आणि स्नानही आहे.

आमचे नागापूर अहिल्यानगरजवळचे. कोळशाच्या खाणींची कचेरी असलेले नागपूर ते निराळे. पण येथील औद्योगिक वसाहतीला पोलाद लागते आणि पोलादाच्या झोतभट्टीला कोक. त्या नागपूरकडचा, वर्धा खोऱ्यातला कोळसा बहुतेक वीजघरांत जातो. कोकसाठी प्रसिद्ध खाणी झारखंडात, झरियाच्या. त्या कोळशात राख फार, म्हणून तो धुवावा लागतो.

मोठे तुकडे धुणे सोपे. दगड जड, तो खाली बसतो. कोळसा हलका, तो वर राहतो. अडचण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चुऱ्याची. तो पाण्यात कालवून त्यात किंचित डिझेल किंवा रॉकेल आणि फेस आणणारे द्रव्य घालतात, मग हवेचे बुडबुडे सोडतात. कोळशाला पाण्याचे वावडे, तेलाची ओढ. तो बुडबुड्याला बिलगून वर येतो आणि काळा फेस काढून घेता येतो. माती पाण्यातच राहते.

पण काही कोळसा हट्टी असतो. उघड्यावर पडून राहिला, की हवेतला ऑक्सिजन त्याच्या अंगाला लागतो. मग त्याची पाण्याशी गट्टी जमते आणि तेल अंगी लागत नाही. नुसते तेल वाढवावे, तर खर्च वाढतो. त्यावर उपाय तीन. तेल आधी घुसळून त्याचे अतिसूक्ष्म थेंब करायचे. त्या बिघडलेल्या अंगालाही धरून ठेवील असे द्रव्य तेलात मिसळायचे. किंवा उटण्याने मळ काढावा तसे कण एकमेकांवर घासून आतला ताजा पृष्ठभाग उघडा करायचा. मात्र घासणे बेताचेच हवे. अति झाले तर मातीचीच पूड होऊन कोळशावर लेप बसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, म्हणाल? भारत कोकचा कोळसा मोठ्या प्रमाणावर परदेशांतून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणतो. इकडे न तरंगलेला चुरा राखेच्या मातीबरोबर गाळात जातो. चुरा ताजा असतानाच धुतला, तर पुष्कळसा हट्ट मुळातच टळतो. नाहीच टळला, तर उगाळावा. काळा निघाला की समजावे, आता तरंगेल!