ताप उतरला, पण आजार गेला का?

पावसाळा लागला की शिरूर आणि दौंडच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लागते. अंग मोडून येते, घसा दुखतो, डोके जड होते. 'व्हायरल आहे' म्हणून चार दिवसांच्या गोळ्या मिळतात, ताप उतरतो आणि घरातले सगळे तो विसरून जातात. बहुतेक वेळा ते खरेच व्हायरल असते, नाहीतर डेंग्यू किंवा टायफॉइड. पण कधीकधी असा ताप लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाची पहिली खूण असतो. आपल्या घरांत या विषयावर कोणी तोंड उघडत नाही. म्हणूनच आम्ही तो या पानावर मांडत आहोत.

सर्वांत आधी एचआयव्हीचे पाहू. या विषाणूची लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो. घसा दुखतो, मानेत किंवा काखेत गाठी येतात, अंगावर पुरळ उठते, सांधे दुखतात, रात्री घाम फुटतो. आठवड्या-दोन आठवड्यांत हे सारे आपोआप थांबते. त्यानंतर कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसतो, पण विषाणू आत काम करीतच असतो. त्या पहिल्या दिवसांत रक्तातले विषाणूचे प्रमाण फार जास्त असते, त्यामुळे जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही तेव्हाच मोठा असतो.

हे आपल्याच जिल्ह्यात तपासले गेले आहे. १९९० च्या दशकात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचे रक्त संशोधकांनी तपासले. त्यांपैकी ५८ जणांची नेहमीची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह होती, तरी त्यांच्या रक्तात विषाणूचा अंश सापडला. म्हणजे लागण अगदी ताजी होती. ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम ही लक्षणे या रुग्णांत ठळकपणे आढळली. हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी पुण्याचाच आणखी एक अभ्यास आला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त स्वतःच्या नवऱ्याशी आला होता. भगिनींनो, हा आकडा आम्ही घाबरवण्यासाठी दिलेला नाही. स्वतः काहीही न केलेल्या स्त्रीलाही हा आजार घरबसल्या होऊ शकतो, आणि तिला ताप आला तर या शक्यतेचा विचार कोणाच्याही मनात येत नाही, एवढेच सांगायचे आहे.

फ्लूसारखे दिसणारे इतरही आजार आहेत. गरमी, म्हणजे सिफिलिस, यात आधी न दुखणारा एक फोड किंवा जखम होते आणि आपोआप भरून येते. काही आठवड्यांनी ताप, घसादुखी, गाठी आणि पुरळ दिसू लागते. तळहात आणि तळपायावर पुरळ दिसले तर विशेष लक्ष द्यावे. हर्पीसच्या पहिल्या झटक्यात जननेंद्रियावर दुखऱ्या फोडांबरोबर ताप आणि अंगदुखी असते. हिपॅटायटिस बी सुरू होताना थकवा, मळमळ, बारीक ताप असतो आणि कावीळ मागाहून दिसते. परमा आणि क्लॅमिडिया यांत तर बऱ्याच स्त्रियांना काहीच जाणवत नाही.

मग ओळखायचे कसे? नुसत्या लक्षणांवरून ओळखता येत नाही. स्वतःला किंवा जोडीदाराला धोका होता का, हा प्रश्न विचारावा लागतो. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत दुरून आलेले कामगार राहतात. सोलापूर आणि अहिल्यानगरच्या रस्त्यांवर ट्रक धावतात, हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. घरापासून दूर राहणारा प्रत्येक माणूस चुकतो असे कोणी समजू नये, पण ज्याला धोका झाला आहे त्याने तो डॉक्टरांपासून लपवू नये. 'तापाच्या आधी असुरक्षित संबंध आला होता' हे एक वाक्य डॉक्टरांना योग्य तपासणीकडे नेते.

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. १०९७ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून जवळच्या केंद्राची माहिती मिळते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. लागणीनंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून समुपदेशक सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. धोका होऊन ७२ तास उलटले नसतील तर त्वरित रुग्णालयात जावे, कारण तेवढ्या वेळात सुरू केलेली औषधे एचआयव्ही रोखू शकतात.

सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. एचआयव्हीची गोळी रोज नियमाने घेणारा माणूस दीर्घ आयुष्य जगतो, आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला की त्याच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. गरोदरपणी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून वेळेवर औषध घेतले तर बाळाला वाचवता येते. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस टोचून घ्यावी. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या मागे जाऊन पैसे आणि दिवस घालवू नयेत. उपचार नवरा-बायको दोघांनीही घ्यावेत. एकाच्याच उपचाराने सिफिलिस, परमा, क्लॅमिडिया यांसारखे आजार पुन्हा घरात फिरत राहतात.

हया ही आपल्या घरांची शोभा आहे. ती आपल्याला बोलण्याचा अदब शिकवते, आजार लपवायला सांगत नाही. दुसऱ्याचे ऐब झाकणे हे पुण्याचे काम आहे, पण डॉक्टरांसमोर आपला आजार झाकल्याने बायकोचा आणि येणाऱ्या लेकराचा जीव धोक्यात येतो. निकाह ठरताना दोन्ही घरांनी मुलामुलीच्या संमतीने रक्त तपासून घेतले, तर त्यात कोणाचाही अपमान नाही. आणि घरातल्या कोणाचा अहवाल पॉझिटिव्ह आलाच, तर आधी त्याच्या शेजारी बसा, चौकशी नंतर करा. औषध सुरू होणे आणि ते न चुकता चालू राहणे, याची काळजी घरच्यांनीच घ्यायची आहे.