मानेतील रोहिण्यांचे सुस्पष्ट चित्रण

मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्याचा मोठा भाग मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्यांतून जातो. रोहिणीच्या आतील बाजूस मेदाचा थर साचला, की मार्ग अरुंद होतो. तेथून सुटलेली गुठळी मेंदूत अडकली, की पक्षाघात ओढवतो. अशी लक्षणे नुकतीच दिसून गेलेल्या रुग्णाची रोहिणी ७० टक्के वा अधिक अरुंद असल्यास शस्त्रक्रिया हितावह ठरते, असे उत्तर अमेरिकेतील १९९१ च्या अभ्यासात आढळून आले. साहजिकच, सदोष चित्रामुळे अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा किंवा आवश्यक ती टळण्याचा संभव असतो.

डॉप्लर सोनोग्राफीने प्राथमिक अंदाज येतो. अधिक तपशील एमआरआयने मिळतो. या तंत्राच्या पायाभूत संशोधनाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक लाभले. यात क्ष-किरण वापरावे लागत नाहीत. चुंबकीय क्षेत्रात वाहते रक्त उजळ दिसते. मात्र अरुंद जागी रक्त भोवऱ्यासारखे फिरते, तेथील संदेश क्षीण होतो आणि अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. गिळणे, श्वास व नाडीचे स्पंदन यांमुळेही चित्र पुसट होते.

हे दोष कमी करण्याचे उपाय आता उपलब्ध आहेत. मानेलगत बसणाऱ्या खास कॉइलमुळे संदेश अधिक स्पष्ट मिळतो. भाग थोडे एकमेकांवर येतील अशा रीतीने टप्प्याटप्प्याने चित्रे घेतली जातात. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देऊन, ते रोहिणीत पोहोचताच व नीलांत उतरण्यापूर्वीच्या मोजक्या सेकंदांत चित्र टिपले जाते. आणखी एका पद्धतीत रक्त काळे दाखवून रोहिणीची भिंत व तिच्यावरील थर तपासता येतो.

तथापि, उत्तम यंत्रालाही रुग्णाच्या सहकार्याची जोड हवी. मान स्थिर ठेवावी, चित्रण चालू असता शक्यतो गिळू नये. शरीरात पेसमेकर वा धातूची वस्तू असल्यास, अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीच सांगावे.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीत उपचारांसाठी शहापूर, मुरबाडच्या गावांतूनही रुग्ण येतात. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली, तरी ती धोक्याची सूचना होय. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कारण गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती घरोघरी पोहोचविली, तर अनेक कुटुंबांवरील आपत्ती टळू शकेल.