धडधड नसलेली चार्जर

डॉजची नवी चार्जर डेटोना विजेवर धावते, म्हणून जुने चाहते खवळले आहेत. वेगाबद्दल तक्रार करायला मात्र जागा नाही. स्कॅट पॅक मॉडेलची ताकद 670 हॉर्सपॉवर; शून्यावरून ताशी 96 किलोमीटरला 3.3 सेकंदांत पोचते, असं कंपनी सांगते. विजेच्या मोटरला पूर्ण पीळ (टॉर्क) जागच्या जागी मिळतो, म्हणून 2.6 टनांचं धूड असूनही हे जमतं. वळणावर ते वजन जाणवणारच.

खरं भांडण आवाजाचं आहे. अमेरिकन व्ही-8 इंजिनमध्ये दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असतात. एका बाजूचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत: क्रँक कधी 90 अंश फिरल्यावर पुढचा बार उडतो, कधी थेट 270 अंशांनी. या अडखळण्यातूनच ती घोगरी गुरगुर येते. नव्या गाडीत पोकळ कप्पे आणि स्पीकरसारखी यंत्रणा बसवून ती नकली काढली आहे. ढोलाचं रेकॉर्डिंग लावून मिरवणूक काढावी, तसं हे.

पण वारशाचंच म्हणाल, तर 1969 ची मूळ चार्जर डेटोना तरी कुठे सोवळी होती? लांब नाक, मागे उंचच उंच पंख, लोक हसले. मार्च 1970 मध्ये टॅलाडेगाच्या रेस ट्रॅकवर ड्रायव्हर बडी बेकरने तिच्यातून ताशी 200 मैल ओलांडले. विजेची मोटर मला त्या विक्षिप्तपणाला साजेशी वाटते. खोटा आवाज मात्र साजेसा वाटत नाही.

आता कंपनीने 550 हॉर्सपॉवरची पेट्रोल चार्जरही आणली आहे. तिला सिलिंडर सहाच, त्यामुळे कुरकुर चालूच आहे.