किमतीपासून आरंभ : मेनिंजायटिस 'अ' आणि धर्मादाय न्यासाचे द्रव्य

सेनेगालपासून इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस जो रुक्ष भूपट्टा पसरला आहे, त्यास लापेसोनी या फ्रेंच वैद्याने १९६३ साली 'मेनिंजायटिसचा पट्टा' असे नाव दिले. मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांस दाह होऊन जडणारा हा रोग तेथे कोरड्या ऋतूत उसळतो आणि पावसाबरोबर ओसरतो. उपचार होऊनही काही रोगी दगावतात. वाचलेल्यांपैकी कित्येकांना कायमचे बहिरेपण येते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडून सुमारे पंचवीस हजार मृत्युमुखी पडले. यास मुख्यतः 'अ' गटाचे जंतू कारणीभूत होते.

तत्पूर्वी लस नव्हती असे नाही. परंतु जंतूच्या आवरणातील केवळ शर्करामय द्रव्यापासून केलेली ती लस लहान मुलांत फारशी उपयोगी पडत नसे, तिचे संरक्षण अल्पकाळ टिके आणि घशात जंतू बाळगणाऱ्यांकडून होणारा प्रसार तिने थांबत नसे. त्या शर्करेस एखाद्या प्रथिनाची जोड दिल्यास हे दोष दूर होतात, हे शास्त्रज्ञांस ठाऊक होते. तथापि जेथे ग्राहकच दरिद्री, तेथे अशी लस कोणी करावी? खरी अडचण प्रयोगशाळेतील नव्हे, बाजारातील होती.

२००१ साली गेट्स प्रतिष्ठानाने सात कोटी डॉलरचे अनुदान दिले आणि जागतिक आरोग्य संघटना व 'पाथ' ही संस्था यांनी संयुक्त प्रकल्प उभारला. डॉ. मार्क लाफोर्स हे त्याचे संचालक होते. आफ्रिकी आरोग्याधिकाऱ्यांनी प्रथमच स्पष्ट सांगितले, की मात्रेस पन्नास सेंटांहून अधिक मूल्य त्यांस परवडणार नाही. म्हणून किंमत आधी ठरली व उत्पादक मागाहून शोधण्यात आला. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी जुळले नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती अट मान्य केली. शर्करा नेदरलंडमधून आली, जोडणीची कृती अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून, तर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाचे प्रथिन पुण्यातच तयार झाले. न्यासाच्या द्रव्याने कारखाना विकत घेतला नाही; विखुरलेल्या ज्ञानाची सांधेजोड मात्र केली.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे १ ते २९ वर्षे वयाच्या लोकांस एकेक मात्रा देण्यास प्रारंभ झाला. चाड देशात २०१२ साली लसीकरण झालेल्या भागांत रोगाचे प्रमाण इतर भागांहून ९४ टक्के कमी आढळले. त्याच वर्षी बेनिनमध्ये ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस बर्फाविना वापरून पाहण्यात आली. खेड्यापाड्यांत बर्फ पोहोचविणे किती कष्टाचे असते हे जाणणाऱ्यास या सवलतीचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि ही योजना एकाच गटापुरती होती, आणि ती मर्यादाही दात्याने व तज्ज्ञांनी मिळूनच स्वीकारली होती. 'अ' गट जवळजवळ नाहीसा झाला. पण २०१५ साली नायजर देशात 'क' गटाची साथ उसळली आणि तीवर ही लस निरुपयोगी होती. तेव्हा पाच गटांवरील लसीचे काम पुण्याच्या त्याच संस्थेने 'पाथ'समवेत ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने तडीस नेले. त्या लसीचा पहिला व्यापक वापर मार्च २०२४ मध्ये नायजेरियात सुरू झाला.