सह्याद्रीच्या पायथ्याचे दगडी कमानपूल

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीची उभी भिंत आहे. थळ घाटापासून माळशेज घाटापर्यंत या भिंतीवर कोसळणारा पाऊस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतून खाली उतरतो. वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. भातसा, काळू, शाई, चोरणा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे हे पाणी घेऊन अखेर उल्हास नदीस मिळतात. चैत्र-वैशाखात ज्या ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गुरे उतरतात, तोच ओढा आषाढात घाटमाथ्यावर मोठी सर कोसळताच दोन-तीन तासांत दुथडी भरतो. अशा प्रदेशात पुलाचे मोल वेगळे सांगावयास नको. पूल बंद पडला म्हणजे डोळखांब, धसई किंवा टोकावड्याच्या परिसरातील पाड्यांचा बाजार, शाळा आणि दवाखाना या तिन्हींशी असलेला संबंध एकाच वेळी तुटतो.

याच भूमीवर दीडशे वर्षांहून अधिक काळ उभ्या असलेल्या दगडी कमानी आहेत. सिमेंट आणि पोलाद यांचा वापर रूढ होण्यापूर्वी बांधलेल्या या कमानी पूर, दरडी आणि भूकंप यांना कशा पुरून उरल्या आणि त्यांतील काही का कोसळल्या, हा प्रश्न उपयुक्त आहे. कारण अशा पुलांवरून व मोऱ्यांवरून आजही वाहतूक चालू आहे.

थळ घाटातील काम

या भागातील कमानींचा सर्वांत मोठा समूह लोहमार्गावर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा मार्ग १८५५ साली कल्याणहून वासिंदपर्यंत, १८६० साली आसनगावपर्यंत आणि १८६१ च्या प्रारंभी कसाऱ्यापर्यंत पोहोचला. त्यापुढील थळ घाटाचा टप्पा १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. सुमारे १५ किलोमीटरांच्या या चढणीत मार्ग ९७२ फूट वर चढतो आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे. एवढ्या अंतरात १३ बोगदे, ६ मोठे दरीपूल, १५ लहान पूल आणि ६२ मोऱ्या बांधाव्या लागल्या. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांच्या आराखड्यानुसार झालेल्या या कामावर हजारो पाथरवट, गवंडी आणि मजूर राबले.

ऐहेगावच्या सुमारे १८० फूट खोल दरीवरील पुलाची मूळ रचना विशेष बोलकी आहे. दरीच्या मधल्या भागात उंच दगडी खांबांवर लोखंडी तुळया टाकल्या होत्या. दोन्ही कडांना, जेथे कातळ हाताशी होता, तेथे अर्धवर्तुळाकार दगडी कमानी घेतल्या होत्या. कमान कोठे घ्यावी आणि कोठे घेऊ नये, याचा विवेक या रचनेत दिसतो. पुढे दुरुस्त्या आणि फेरबदल होत गेले. तथापि घाटातील जुन्या कमानी आजही मूळच्या गाड्यांहून कितीतरी जड गाड्यांचा भार वाहत आहेत.

कमानीचे बळ

दगड दाबला असता सहजासहजी चुरत नाही. परंतु ताणला वा वाकविला असता लवकर तुटतो. म्हणून दोन खांबांवर आडवी टाकलेली लांब शिळा मध्ये भंगते. कमानीत हा दोष टाळलेला असतो. पाचरीच्या आकाराचे घडीव दगड लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचीत आणतात आणि माथ्यावर कळीचा दगड बसवितात. साचा काढून घेतल्यावर प्रत्येक दगड शेजारच्या दगडास रेटतो आणि वरचा सर्व भार कमानीच्या वळणाने दोन्ही तीरांवरील भक्कम बांधकामात उतरतो. दगडावर केवळ दाब येतो. सह्याद्रीचा चांगला काळा पाषाण चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमहूनही अधिक दाब सोसतो. कमानीत प्रत्यक्ष निर्माण होणारा दाब त्याच्या अल्प अंशाइतकाच असतो. कमानीवर केलेला भराव ही रेटारेटी अधिक घट्ट करतो. म्हणजे पुलाचे स्वतःचे वजन हेच त्याच्या स्थैर्याचे साधन ठरते.

दुसरा गुण चुन्याचा. घाणीत मळलेला चुना सिमेंटइतका कडक होत नाही. त्यामुळे पाया किंचित खचला किंवा उन्हाने दगड प्रसरण पावले, तरी दरजा थोड्या हलतात, पण दगड तडकत नाहीत.

पुराची कसोटी

मात्र पुराचे पाणी बहुधा कमानीच्या माथ्यावर घाला घालीत नाही. त्याचा घाला पायावर असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची धोंडे वाहून नेण्याची शक्ती सुमारे चौसष्ट पटींनी वाढते. एरवी जागचे न हलणारे धोंडे त्या वेळी गडगडत जातात आणि खांबाभोवतीची वाळू-माती खरवडून निघते. पूर ओसरताना हा खड्डा पुन्हा गाळाने भरतो. त्यामुळे वरून पाहणाऱ्यास खांब पूर्ववत् भक्कम वाटतो.

शिवाय कमानपुलाचे गाळे अरुंद आणि खांब जाड असतात. पुरात उन्मळून आलेली झाडे गाळ्यात अडकली की पाणी तुंबते आणि उरलेल्या वाटेने अधिकच वेगाने धावते. पाण्यात बुडालेल्या काळ्या दगडाचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटते, म्हणजे ज्या भाराने कमान स्थिर राहते तोच भार ऐन संकटात कमी होतो. जुन्या जाणकारांनी यावर तीन उपाय योजले : पाया उघड्या कातळात घेणे, खांबाची प्रवाहाकडील बाजू होडीच्या नाळेप्रमाणे निमुळती करणे आणि पुराला पुरेसा मार्ग ठेवणे. चीनमधील झाओझोऊ येथे इसवी सन ६०५ च्या सुमारास ली चुन याने बांधलेल्या पुलात सुमारे ३७ मीटरांचा एकच गाळा असून नदीत खांबच नाही. मुख्य कमानीच्या दोन्ही खांद्यांवर छोट्या कमानी उघड्या ठेवल्या आहेत. मोठ्या पुरात त्यांतूनही पाणी निघून जाते. चौदा शतकांचे पूर आणि भूकंप सोसून तो पूल उभा आहे.

दरडी आणि भूकंप

सह्याद्रीचा खडक लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. कठीण काळ्या थरांच्या मध्ये मऊ, सच्छिद्र किंवा तांबड्या मातीसारखे थर येतात. पावसाचे पाणी त्यांत मुरले की वरचा कठीण थर निराधार होऊन दरड सुटते. माळशेज आणि कसारा या दोन्ही घाटांना हा अनुभव वारंवार येतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत कसारा घाटात दरडी कोसळल्या, उंबरमाळी स्थानकात रूळ पाण्याखाली जाऊन खडी वाहून गेली आणि वाहतूक थांबली. डोंगरातील मार्गाचे रक्षण एकट्या पुलाने होत नाही, हे यावरून दिसते. एखादी मोरी दगडमातीने बुजली तर पाणी नवी वाट शोधते आणि भराव कापून नेते.

भूकंपही या भागास अपरिचित नाही. १९८३ साली भातसा जलाशयाच्या परिसरात, खर्डीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पाचाच्या जवळपास तीव्रतेचा धक्का बसला. ठेंगणी, रुंद आणि कातळात रोवलेली कमान मध्यम धक्के सोसू शकते. उंच खांबांवरील कमानी आणि भराव अडविणाऱ्या बाजूच्या भिंती यांना अधिक जपावे लागते.

कोसळलेल्या पुलांची साक्ष

याच कंपनीने त्याच काळात बोरघाटात ‘माऊ-की-मळी’ या नावाने ओळखला जाणारा पूल बांधला होता. पन्नास फुटी आठ कमानींचा हा पूल पुरता जुनाही झाला नव्हता, तोच जुलै १८६७ मध्ये कोसळला. दोष कमानीच्या तत्त्वात नव्हता. खांबांचे बाह्यांग घडीव दगडाचे, पण आतील भरणी निकृष्ट होती. त्यानंतर कंपनीला अनेक पुलांचे बांधकाम तपासून दुरुस्त वा नव्याने करावे लागले.

दुसरी साक्ष अलीकडची आणि अधिक दुःखद आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील, १९२८ सालचा दगडी कमानपूल भर पुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने काळोखात नदीत पडली व अनेक प्रवाशांना प्राण गमवावे लागले. अठ्ठ्याऐंशी पावसाळे पाहिलेला पूल पुढचाही पावसाळा पाहील, असे गृहीत धरता येत नाही, हा त्या रात्रीचा धडा आहे.

देखभालीची दृष्टी

पावसाळ्यापूर्वी पात्र कोरडे असताना खांबांच्या पायाशी उतरून पाहणे आणि पूर ओसरताच पुन्हा तपासणे, ही देखभालीची पहिली पायरी होय. गाळ्यांत व मोऱ्यांत अडकलेला गाळ आणि ओंडके काढले पाहिजेत. दरजांत रुजलेले पिंपळ, वड, उंबर यांचे रोप बोटभर असतानाच उपटले पाहिजे. मूळ जाड झाल्यावर ते पाचरीसारखे दगड सारते. रिकाम्या दरजा चुन्यानेच भरणे इष्ट; वरून सिमेंटचा कडक लेप दिल्यास आत मुरलेले पाणी कोंडले जाते. पुलाच्या आसपास वाळू उपसल्यास पायाचे आच्छादनच निघून जाते. कमानीत नवी भेग, खचलेला कठडा किंवा वाकडी झालेली भिंत दिसताच ग्रामस्थांनी ती ग्रामपंचायतीमार्फत सार्वजनिक बांधकाम विभागास कळविली पाहिजे. पुलावरून रोज जाणाऱ्या शेतकऱ्याची, गुराख्याची वा एस. टी. चालकाची नजर येथे मोलाची ठरते. आणि पाणी पुलावर आले असता पलीकडे जाण्याचा मोह टाळणे, ही प्रत्येक प्रवाशाची जबाबदारी आहे.

दगडी कमान दीर्घायुषी असते, हे खरे. परंतु तिचे आयुष्य पायाखालच्या कातळावर, बांधणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर आणि दर वर्षी मृगापूर्वी तिच्याखाली उतरून पाहणाऱ्या माणसावर अवलंबून असते. पहिल्या दोन गोष्टी पूर्वजांच्या हाती होत्या. तिसरी आजच्या पिढीच्या हाती आहे.